चमचाभर तेल आणि तळ्याचे पाणी

देवघरातील आरती आटोपली, की तबकात कापराचा थोडासा चुरा उरतो. एखादे मूल तो चिमटीने उचलून पाण्याच्या वाटीत टाकते आणि पाहत राहते. कापराचे कण पाण्यावर गरगर फिरू लागतात. वारा नाही, वाटीला धक्का लागलेला नाही. तरी एक कण सरळ धावतो, काठापाशी थबकतो, वळतो आणि दुसऱ्याला हुलकावणी देऊन पुन्हा मध्यभागी येतो. मग त्या मुलाने तेल चोपडलेल्या केसांवरून बोट फिरवून ते पाण्याला नुसते टेकवावे, की सारा नाच जागच्या जागी थांबतो. वाटी राखेने लख्ख घासून भरपूर पाण्याने खळबळलेली असेल, तरच हा खेळ साधतो. तिला तुपातेलाचा हात लागलेला असेल, तर कापूर मुळी हलतच नाही.

खेळ घरगुती आहे. पण त्याच्या पोटात दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. निर्जीव कण कोणाच्या बळावर चालतो? आणि डोळ्यांना दिसतही नाही एवढे तेल त्याला कसे थोपवते? या प्रश्नांचा माग काढता काढता विज्ञान रेणूच्या आकारमानापर्यंत जाऊन पोचले, आणि पुढे साबणाच्या पाण्यावर कळपाने फिरणाऱ्या तेलाच्या थेंबांपर्यंत आले. या प्रवासाचा विशेष असा, की त्यातील पहिल्या पावलांवर पंडिताच्या आधी कोणीतरी साधे माणूस उभे होते. पंडिताचा मोठेपणा एवढाच, की त्याने त्या माणसाचे म्हणणे कानाआड केले नाही.

१७५७ साली बेंजामिन फ्रँकलिन हे पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकेहून इंग्लंडला निघाले होते. त्यांचे जहाज काही काळ लुईबर्गच्या मोहिमेवर निघालेल्या ९६ जहाजांच्या ताफ्यात होते. डेकवरून समुद्र न्याहाळताना त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सगळ्या जहाजांच्या मागचे पाणी वाऱ्याने खवळलेले होते. परंतु दोन जहाजांच्या मागे मात्र ते गुळगुळीत पट्ट्यासारखे संथ होते. फ्रँकलिन यांनी कप्तानाला कारण विचारले. तो म्हणाला, की त्या जहाजांवरच्या आचाऱ्यांनी आपले तेलकट पाणी नुकतेच बाहेर सोडले असेल. उत्तर देताना त्याच्या स्वरात किंचित तुच्छता होती. जे लहानथोर सर्वांना ठाऊक, ते या विद्वान गृहस्थाला ठाऊक नसावे याचे त्याला नवल वाटले. फ्रँकलिन यांना ते उत्तर त्या वेळी पटले नाही. मात्र दुसरे कारणही त्यांना सुचेना. तेव्हा त्यांना प्लिनीची आठवण झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील या रोमन ग्रंथकाराने समुद्राच्या लाटा तेलाने शांत होतात असे लिहून ठेवले होते. पाणबुडे तोंडात तेल धरून बुडी मारतात आणि खाली ते सोडतात, म्हणजे वरचे पाणी निवळून प्रकाश आत येतो, हेही त्याने नोंदले होते. अठराव्या शतकातील विद्वान अशा गोष्टींची गणना भाकडकथांत करीत.

फ्रँकलिन यांनी ही गोष्ट मनात ठेवली आणि संधी मिळताच तिची परीक्षा घेतली. लंडनजवळ क्लॅपहॅम येथे एक मोठे तळे होते. एके दिवशी वाऱ्याने त्याच्या पाण्यावर लाटा उठलेल्या पाहून त्यांनी तेलाची कुपी आणली आणि थोडे तेल पाण्यावर ओतले. पहिला प्रयोग फसला, कारण ते तळ्याच्या ज्या काठावर उभे होते तिकडे वारा वाहत होता आणि लाटांनी तेल परत काठाशी आणून टाकले. मग ते पलीकडच्या काठावर, जिकडून वारा येत होता तेथे गेले. तेथे त्यांनी जे तेल टाकले ते चहाच्या चमच्याहून अधिक नव्हते; पण काही वार जागेतील पाणी तत्काळ शांत झाले, ती शांतता पसरत पसरत समोरच्या काठाला जाऊन भिडली आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे गुळगुळीत झाले. त्यानंतर गावोगाव जाताना फ्रँकलिन आपल्या वेताच्या पोकळ काठीच्या वरच्या पेरात थोडे तेल बाळगू लागले.

येथे एक लहानसा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चहाचा चमचा म्हणजे फार तर ५ घन सेंटिमीटर, आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. तेवढे तेल तेवढ्या जागेवर सारखे पसरले, तर त्याच्या थराची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकी येते. म्हणजे तेलाच्या एकाच रेणूची उंची जवळजवळ हातात आलेली होती. फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. त्या काळी रेणू ही कल्पनाच स्थिर झालेली नव्हती. तो भागाकार पूर्ण व्हायला आणखी शतकाहून अधिक काळ जायचा होता.

त्यांच्याच लेखात आणखी एक प्रसंग आहे, आणि पुढच्या साऱ्या कथेचे बीज त्यात आहे. एडिस्टोनचे दीपगृह बांधणारे प्रख्यात अभियंते जॉन स्मीटन यांच्या लीड्सजवळच्या घरी फ्रँकलिन गेले असता, स्मीटन यांचे शिष्य जेसप यांनी त्यांना आपण पाहिलेली एक अजब गोष्ट सांगितली. तेलाचा एक पेला साफ करताना, तेलात बुडून मेलेल्या माशा जेसप यांनी तळ्यात फेकल्या. त्या मेलेल्या माशा पाण्यावर पडताच वेगाने गरगर फिरू लागल्या, जणू त्यांच्यात पुन्हा प्राण आला! जेसप यांनी त्या उचलून नीट तपासल्या. त्या मेलेल्याच होत्या.

फ्रँकलिन यांच्या लगेच ध्यानात आले, की माशांच्या सच्छिद्र अंगातून तेल हळूहळू झिरपत होते आणि पाण्यावर पसरताना माशीला ढकलत होते. हा जीवाचा परिणाम नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी लाकडाच्या ढलप्या आणि कागद माशीएवढ्या स्वल्पविरामाच्या आकारात कापले, तेलात भिजवले आणि पाण्यावर सोडले. तेल टोकातून बाहेर पडे आणि तो स्वल्पविराम उलट दिशेने फिरू लागे. स्वतःच्या अंगातील तेलावर पाण्यात चालणारी ही वस्तू त्यांनी ज्या कुतूहलाने केली, त्याच कुतूहलाने आज प्रयोगशाळांत थेंब चालवले जातात. टेबलावरच्या थाळीत हा प्रयोग साधत नाही, त्याला मोठे पाणी लागते, हेही त्यांनी बजावून ठेवले. थाळीतील थोडेसे पाणी लगेच तेलाने व्यापून जाते आणि गती संपते; मुलाच्या वाटीत केसांच्या तेलाने कापूर थांबतो, त्याचेही हेच कारण.

ऑक्टोबर १७७३ मध्ये पोर्ट्स्मथजवळच्या समुद्रावर फ्रँकलिन यांनी मोठा प्रयोग केला. किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटा तेलाने मंदावतील अशी त्यांची अपेक्षा होती; ती फळली नाही. वाऱ्याने उठणाऱ्या लहान लाटा विरल्या, मोठ्या लाटांचा मारा मात्र तसाच राहिला. फसलेला प्रयोगही दुसऱ्याला मार्ग दाखवतो, म्हणून तोही त्यांनी सविस्तर नोंदला. १७७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे सारे छापले गेले. प्राचीनांचे ज्ञान हल्ली फार सहज झिडकारले जाते आणि विद्वान लोक सामान्यांच्या ज्ञानाला फार कमी लेखतात, असा स्पष्ट अभिप्राय त्यांनी त्यात दिला. बाष्पीभवनाने पाणी थंड होते ही गोष्ट याचे उदाहरण म्हणून त्यांनी दिली. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात माठ ठेवला जातो, त्यांना त्या उदाहरणाचे मर्म वेगळे सांगायला नको.

फ्रँकलिन यांची समजूत अशी होती, की तेलाचे कण एकमेकांना दूर लोटतात. खरे कारण पाण्याकडे होते. पाण्याच्या आतील रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठावरच्या रेणूला वरच्या अंगाला शेजारी नसतो. त्यामुळे पाण्याचे पृष्ठ सतत आक्रसू पाहते आणि एखाद्या ताणलेल्या पडद्यासारखे वागते. हाच पृष्ठताण. तेल, साबण, कापूर यांनी तो कमी होतो. एका बाजूचा ताण कमी झाला, की दुसरी बाजू ओढून घेते; रस्सीखेचीत एका बाजूची पकड ढिली पडावी तसे हे आहे. म्हणजे कापराला मागून कोणी ढकलत नाही, समोरचे स्वच्छ पाणी त्याला ओढते. ताणातील फरकामुळे द्रवाला गती मिळते, हे १८५५ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मद्याच्या पेल्याच्या कडेने ओघळणाऱ्या थेंबांवरून सांगितले. १८६५ मध्ये पाविया येथे कार्लो मारांगोनी यांनी आपल्या प्रबंधात त्याचा अभ्यास केला. पुढे फ्लॉरेन्सच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्या या शिक्षकाचेच नाव आज त्या परिणामाला दिले जाते.

१८९० मध्ये इंग्लंडचे थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी कापराचा खेळच मोजमापासाठी वापरला. मोठ्या टबात स्वच्छ पाणी घेऊन, कापराचा नाच थांबवायला ऑलिव्ह तेलाचा किती जाड थर लागतो, हे त्यांनी काढले. उत्तर आले, एका मिलिमीटरच्या सुमारे सहा लाखाव्या भागाइतका. क्लॅपहॅमच्या तळ्यावर राहून गेलेला भागाकार अखेर पुरा होऊ लागला.

रॅले यांच्या प्रयोगांचा वृत्तांत जर्मनीतील ब्राउनश्वाइग या गावी एका घरात वाचला गेला. त्या घरात आग्नेस पॉकेल्स राहत होत्या. त्यांचा जन्म १८६२ सालचा, व्हेनिसमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. हिवतापाने प्रकृती खालावल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली आणि कुटुंब ब्राउनश्वाइगला येऊन राहिले. आग्नेस यांना पदार्थविज्ञानाची विलक्षण ओढ होती, पण मुलींच्या शाळेपलीकडचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. विद्यापीठांची दारे त्या काळी तेथे मुलींना बंद होती. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम त्यांच्या वाट्याला आले. धाकटा भाऊ फ्रिडरिश मात्र ग्यॉटिंगेनला पदार्थविज्ञान शिकत होता. तो पुस्तके आणि नियतकालिके बहिणीपर्यंत पोचवी.

विशीच्या सुमाराला, घरातल्याच वस्तूंनी आग्नेस यांनी पाण्याच्या पृष्ठाचा अभ्यास आरंभला. त्यांचे साधन म्हणजे एक पत्र्याची पन्हळ, ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच. ती काठोकाठ पाण्याने भरायची. तिच्यावर पत्र्याची एक अरुंद पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली, की एका बाजूचे पृष्ठ आकसे आणि दुसऱ्या बाजूचे वाढे. पाण्यावरचा तेलाचा अंश अशा रीतीने दाटीवाटीने एकत्र आणता येई किंवा विरळ करता येई. पाणी बदलायला नको, तेल मोजून टाकायला नको. पट्टी सरकवून ताण कसा बदलतो एवढे पाहायचे. तो मोजण्यासाठी एका हलक्या तराजूला ६ मिलिमीटरची छोटी चकती टांगून ती पाण्याच्या पृष्ठावरून उचलायला किती वजन लागते, ते त्या पाहत. याच पट्टीने पृष्ठ पुसून घेऊन ते खरोखर स्वच्छ करण्याची रीतही त्यांनी शोधली. तेल विरळ असते तोवर ताण जवळजवळ स्वच्छ पाण्याइतकाच राहतो, आणि दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की तो झपाट्याने उतरतो, हे त्यांना दिसून आले.

हे काम अनेक वर्षे घराबाहेर कोणाच्या गावीही नव्हते. जानेवारी १८९१ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी रॅले यांना जर्मन भाषेत एक पत्र लिहिले आणि आपली साधने व निष्कर्ष कळवले. ना पदवी, ना संस्थेचे नाव, ना कोणाची शिफारस. एका अनोळखी बाईचे परभाषेतील हे पत्र रॅले बाजूला ठेवू शकले असते, किंवा त्यातील युक्ती उचलून स्वतःच्या नावावर खपवू शकले असते. त्यांनी यांपैकी काहीही केले नाही. लेडी रॅले यांनी पत्राचे इंग्रजी भाषांतर केले. रॅले यांनी ते ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या संपादकांकडे धाडले आणि सोबत कळवले, की एका जर्मन बाईंनी अगदी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, त्यांना जागा मिळावी. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते पत्र आग्नेस पॉकेल्स यांच्या नावाने प्रसिद्ध झाले.

त्यांच्या निष्कर्षांचा आधार घेऊन १८९९ मध्ये रॅले यांनी अनुमान मांडले, की पॉकेल्स यांच्या मर्यादेपाशी तेलाचा थर बरोबर एका रेणूइतका जाड असतो. १९१७ मध्ये अमेरिकेत आयर्विंग लँगम्यूर यांनी तेच तत्त्व अधिक नेमक्या उपकरणाने पुढे नेले आणि तेलातील आम्लांचे रेणू पाण्यात एक टोक बुडवून दाटीने उभे राहतात हे दाखवले. पृष्ठरसायनातील कार्याबद्दल लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सरकत्या पट्टीची ती पन्हळ जगभर लँगम्यूर यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच १९३२ साली ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यालयाने पॉकेल्स यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या वेळी त्या सत्तरीच्या होत्या, आणि त्यांचे संशोधन घराच्या जबाबदाऱ्यांखाली कधीच थांबलेले होते. १९३५ मध्ये त्या निवर्तल्या.

आता जेसप यांच्या माशांकडे वळायला हवे. स्वच्छ पाण्यावर टाकलेले तेल क्षणात पसरते, म्हणून थेंब थेंब म्हणून टिकत नाही. पाण्यात साबण घातला, की पाण्याचा स्वतःचाच ताण निम्म्यावर उतरतो आणि तेलाला ओढून पसरवण्याचे त्याचे बळ सरते. थेंब अखंड तरंगत राहतो. मात्र तो हळूहळू विरघळत असतो आणि आपल्याभोवतीचे पृष्ठ बदलत असतो. चहूबाजूंना सारखाच बदल झाला, तर तो जागीच राहील. पण तो तसूभर जरी हलला, तरी मागे त्याचाच माग राहतो आणि पुढे ताजे पृष्ठ मिळते. ते त्याला आणखी पुढे ओढते. म्हणजे चालण्यामुळेच त्याचे चालणे टिकते.

असे थेंब पुष्कळ झाले म्हणजे खरी गंमत सुरू होते. प्रत्येकाचा माग दुसऱ्याच्या वाटेत येतो, म्हणून ते एकमेकांना टाळतात. शिवाय तरंगणाऱ्या प्रत्येक थेंबाभोवती पाण्याचे पृष्ठ किंचित वाकते आणि या वाकण्यामुळे जवळ आलेले थेंब एकमेकांकडे ओढलेही जातात. ओढ आणि टाळाटाळ यांच्या झगड्यातून समूहाची रचना उभी राहते. जपानमधील हिरोशिमा विद्यापीठात साबणासारख्या द्रव्याच्या द्रावणावर एथिल सॅलिसिलेट या तेलाचे थेंब सोडून असे समूह अभ्यासले गेले. तो वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे तेल म्हणजे दुखऱ्या सांध्यांच्या मलमातील विंटरग्रीनच्या तेलाचे भावंडच. तेल विरघळत जाते तसतशी थेंबांची एकत्र फिरण्याची तऱ्हा बदलत जाते, आणि तेल संपले की सारे शांत होते. पॉकेल्स यांचा भाऊ जेथे शिकला, त्या ग्यॉटिंगेनमध्ये २०११ साली याच्या उलट व्यवस्थेत, म्हणजे तेलात सोडलेल्या पाण्याच्या थेंबांत, कळपाची गती दाखवली गेली. त्या कामात अग्रभागी असलेले शशी थुटुपल्ली पुढे बेंगळुरूला संशोधन करू लागले. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियातील शास्त्रज्ञांनी साबणाच्या पाण्यात दोन निरनिराळ्या तेलांचे थेंब सोडले, तेव्हा एक जातीचा थेंब दुसऱ्याचा पाठलाग करू लागला आणि दुसरा पळू लागला. फ्रँकलिन ज्या वसाहतीचे प्रतिनिधी होते, तीच ही भूमी.

या थेंबांना पुढारी नाही, हुकूम नाही, डोळे नाहीत. पक्ष्यांच्या थव्याविषयी १९९५ मध्ये हंगेरीचे तामाश व्हिचेक आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखवले होते, की प्रत्येकाने फक्त जवळच्या शेजाऱ्यांची सरासरी दिशा धरली, तरी साऱ्या थव्याला एक दिशा मिळू शकते. साबणाच्या पाण्यावरचे थेंब तेवढेही करीत नाहीत. ते केवळ पाण्याचा ताण मानतात. तरी त्यांचा समूह पाहणाऱ्याला सजीव भासतो, आणि जीवसृष्टीतील कोणत्या गोष्टींना खरोखर जीव लागतो व कोणत्या नुसत्या पदार्थधर्माने घडतात, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे नव्याने उभा राहतो.

या प्रश्नाकडे जाण्याची रीत जेसप यांनी तळ्याकाठी घालून दिली होती. मेलेल्या माशा नाचताना दिसल्या. त्यांनी नवल केले, पण तेवढ्यावर न थांबता त्या उचलून तपासल्या. फ्रँकलिन यांनी कागदाचे तुकडे कापून खात्री केली. रॅले यांनी कापूर मोजला, आणि आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या पन्हळीत पट्टी सरकवत वर्षामागून वर्षे नोंदी ठेवल्या. आणि या साऱ्यांच्या आधी, नाव कोठेही न नोंदलेला एक आचारी भर समुद्रात तेलकट पाणी ओतून आपल्या कामाला निघून गेला होता.